घाव आणि ताव

सोनगीरला तांब्याचं भांडं घडताना एकदा निवांत बसून पाहावं. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्यानं उत्तरेला निघालं की वीसेक किलोमीटरवर किल्ल्याची टेकडी लागते आणि तिच्या पायथ्याशी हे गाव. लेकीच्या लग्नातले हंडे-कळश्या, पाणी तापवायचा बंब, देवघरातला तांब्या अशा भांड्यांसाठी खान्देशात सोनगीरचं नाव घेतलं जातं. स्टील आणि प्लास्टिकनं मागणी खाल्ली तरी ते नाव अजून पुसलेलं नाही. कारागीर पत्र्याचा गोल तुकडा लोखंडावर धरतो, डाव्या हातानं फिरवत राहतो आणि उजव्या हातानं ठोके घालत जातो. सुरुवातीचे घाव पत्रा मुकाट्यानं सोसतो; दबतो, वाकतो, हवा तसा वळतो. थोड्या वेळानं आवाज बदलतो. आधी भरीव वाटणारा ठोका टणटण वाजू लागतो. कारागीर लगेच थांबतो. पत्रा भट्टीत जातो, लाल होतो, पाण्यात पडतो आणि बाहेर येतो तेव्हा पुन्हा मऊ झालेला असतो. मग पुढचे ठोके. घावामागून घाव बसले की तांब्याच्या आतली कणांची मांडणी गुंतत जाते आणि धातू कडक होतो. उष्णतेनं ती मांडणी पुन्हा सुटते. आवाज बदलूनही जो ठोकत राहील त्याच्या भांड्याच्या काठाला चीर पडते.

माणसाच्या काळजाचा विचार करताना मला हे काम आठवतं, आणि आठवताना एक फरकही टोचतो. भांड्यावर घाव घालणारा आणि त्याला ताव देणारा माणूस एकच असतो, म्हणून भांडं वाचतं. माणसावर घाव घालणारे अनेक असतात: पाऊस, बाजारभाव, सावकार, साहेब, कधी घरातलंच कोणी. ताव देणारं मात्र कुणी असेलच याची हमी नसते.

आता शरीराकडे येऊ. हृदयातून निघणारी महाधमनी ही निव्वळ नळी नाही. प्रत्येक ठोक्याला ती फुगते आणि लगेच आकसते, आणि त्या आकसण्यातून रक्ताला पुढे ढकलते. ही लवचिकता ज्या तंतूंमुळे येते ते लहानपणी आणि वाढीच्या वयात तयार होतात. पुढे त्यांची भर जवळजवळ पडत नाही. दिवसाला सुमारे 1 लाख ठोके या हिशेबानं ते ताणले जातात, झिजतात, तुटतात, आणि त्यांच्या जागी ताठर तंतू येतात. म्हातारपणी वरचं बीपी वाढतं त्याचं हे एक मोठं कारण. हे सगळ्यांचंच होतं. पण सगळ्यांचं एकाच वेगानं होत नाही, आणि एकाच वर्षी जन्मलेले दोन भाऊ साठीला दोन निरनिराळ्या वयांचे का दिसतात, या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

हा वेग कशानं वाढतो ते पाहू. रात्री विजेची पाळी आली म्हणून कापसाला पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याच्या बॅटरीच्या उजेडात नाग दिसतो. त्या क्षणी मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, बीपी चढतं, साखर रक्तात उतरते, रक्त गोठण्याच्या तयारीला लागतं. जखम झालीच तर वाहून जाऊ नये म्हणून. नाग निघून जातो, माणूस बांधावर बसतो, घोटभर पाणी पितो, जीव भांड्यात पडतो. घटकाभरात शरीर पूर्वपदाला येतं. ही व्यवस्था उत्तम आहे, आणि ती नसती तर आपण कुणीच नसतो. अडचण अशी की बँकेची नोटीस आली तरी शरीर तीच व्यवस्था वापरतं, आणि नोटीस नागासारखी निघून जात नाही. ती कपाटात असते, उशाशी असते, जेवताना ताटाशेजारी असते. संकटासाठी घटकाभर पेटवायचा जाळ महिनोन्‌महिने तेवत राहिला की धमन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला सूज येते, पोटावर चरबी चढते, झोप तुटते, साखर बिघडते. अमेरिकन शास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवन यांनी 1993 मध्ये या साचत जाणाऱ्या झिजेची कल्पना मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की ताणाला तोंड देण्याची किंमत शरीर रोज थोडीथोडी भरत असतं आणि हप्ते थकले की ती एकदम वसूल होते.

ही वसुली पेशीपर्यंत पोचते का, हे पाहणारं एक काम 2004 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला झालं. एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी 58 आयांचं रक्त तपासलं. त्यांतल्या बऱ्याच जणी दीर्घ आजारी मुलांचं करत होत्या. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना संरक्षक टोपणं असतात, पेशी विभागताना ती आखूड होत जातात. ज्या आयांना आपल्यावर सर्वाधिक ताण आहे असं वाटत होतं, त्यांची टोपणं सर्वांत कमी ताण सांगणाऱ्या आयांपेक्षा निदान 10 वर्षांच्या वाढीव वयाइतकी आखूड निघाली. अभ्यास लहान आहे आणि त्या टोपणांवरून माणसाचं सगळं आयुष्य वाचता येत नाही. तरीही मला त्यातली एक गोष्ट सोडवत नाही. आजारी लेकराची आई लवकर म्हातारी होते हे कुठल्याही खेड्यातली म्हातारी सांगेल. पण तिच्या रक्ताच्या थेंबात ते दिसतं, हे कळल्यावर 'तिला जरा विसावा द्या' या सांगण्याला औषधाच्या चिठ्ठीचं वजन येतं. ब्लॅकबर्न यांना पुढे 2009 मध्ये या टोपणांच्या शोधासाठी दोन सहकाऱ्यांसह नोबेल मिळालं.

इथवर सगळं सरळ आहे. स्वभावाचा विषय निघाला की मात्र वाट घसरडी होते.

आपल्याकडे माणसाला हार्ट अटॅक आला की तिसऱ्या दिवशी भेटायला आलेले लोक बाहेरच्या बाकावर निदान करतात. 'तापट होता.' 'फार मनाला लावून घेतो.' 'स्वभावच काळजीखोर, काय करणार?' ऐकताना यात माया वाटते आणि मायाही असतेच. पण यात एक निवाडाही असतो: रोग त्याच्या स्वभावातून आला, म्हणजे त्यानंच आणला. या निवाड्याला गेल्या शतकात विज्ञानाचा आधारही मिळाला होता. सॅन फ्रान्सिस्कोचे मायर फ्रीडमन आणि रे रोझेनमन हे दोन हृदयतज्ज्ञ. त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या दुरुस्त करायला आलेल्या कारागिराच्या लक्षात आलं की खुर्च्यांचं कापड पाठीकडे शाबूत आहे आणि पुढच्या कडेला विरलंय. म्हणजे हे रुग्ण खुर्चीच्या टोकावर, उठण्याच्या बेतात बसतात. 1959 मध्ये या दोघांनी 'टाइप ए' स्वभावाची मांडणी केली: घाईचा, ईर्षेचा, चटकन भडकणारा माणूस. पुढे 3154 पुरुषांचा साडेआठ वर्षं पाठपुरावा झाला आणि अशा माणसांत हृदयविकार सुमारे दुप्पट आढळला. जगभर ही कल्पना पसरली. मराठी मासिकांच्या आरोग्य सदरांतही ती पुष्कळ वर्षं नांदली.

मग ती डळमळली. 1988 मध्ये त्याच पाहणीतल्या, आधीच हृदयविकार जडलेल्या पुरुषांचा पुढचा हिशेब मांडला गेला, तेव्हा टाइप ए माणसं उलट जास्त जगलेली दिसली. इतर पाहण्यांतही घाई आणि महत्त्वाकांक्षा यांचा हृदयाशी असलेला धागा विरत गेला. उरला तो वैरभाव, जग आपल्यावर उठलंय अशी खोल बसलेली कडवट खात्री. त्याहून महत्त्वाची गोष्ट नंतर उजेडात आली. अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं खटल्यांमुळे खुली झाली, आणि टाइप ए स्वभावावरच्या संशोधनाला फिलिप मॉरिस या कंपनीनं वर्षानुवर्षं पैसा पुरवल्याचं त्यांत सापडलं. हेतू उघड होता. हृदय बिघडलं ते सिगारेटमुळे नव्हे, माणसाच्या स्वभावामुळे, असं म्हणता यायला हवं होतं. 'ताण' हा शब्द वैद्यकात रुजवणारे हान्स सेल्ये यांनाही तंबाखू उद्योगाचा पैसा मिळालेला होता. हे वाचल्यावर मी दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या. ताणाबद्दल बोलताना तंबाखूला, मिठाला, साखरेला झाकायचं नाही. आणि कुणी 'स्वभाव' म्हणालं की विचारायचं, हे म्हटल्यानं कुणाची सुटका होते?

स्वभावाचा प्रश्न मला खान्देशात सर्वांत जवळून दिसतो तो 1932 च्या धुळे तुरुंगात. विनोबा भावे तिथे राजबंदी होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं आणि समोर बसलेल्या सानेगुरुजींनी ते जवळपास शब्दशः उतरवून घेतलं. 'गीता प्रवचने' हे पुस्तक तसं झालं. दोन टोकांचे दोन स्वभाव एका भिंतीआड होते. विनोबा गणिताचे प्रेमी, मोजके, आतून थंड; 1916 मध्ये परीक्षेच्या वाटेवरूनच घर सोडून जाणारे. सानेगुरुजी अमळनेरच्या शाळेत आणि छात्रालयात मुलांचे कपडे धुणारे, मुलांच्या आजारपणात रात्र जागवणारे, डोळ्यांत पाणी यायला वेळ न लागणारे. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात आईच्या आठवणींचं पुस्तक लिहून साऱ्या महाराष्ट्राला रडवणारे. दुसऱ्या अध्यायातल्या स्थितप्रज्ञाची लक्षणं एकानं सांगितली आणि दुसऱ्यानं लिहून घेतली. विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, त्यातून इच्छा, इच्छा अडली की क्रोध, क्रोधातून बुद्धीचा नाश, ही गीतेतली उतरंड लिहिताना त्या हळव्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, हा विचार मी पुष्कळदा करतो.

विनोबा 87 वर्षं जगले आणि शेवटी 1982 मध्ये पवनारला अन्न, पाणी, औषध नाकारून गेले. सानेगुरुजींनी 11 जून 1950 रोजी, पन्नाशीत, आपलं आयुष्य स्वतः संपवलं. या दोन आकड्यांपुढे बसलं की हात लगेच शिवशिवतो: शांत माणूस टिकला, हळवा माणूस तुटला, तेव्हा शांत व्हा. हा निष्कर्ष मला मान्य नाही. दोन आयुष्यांवरून काहीच सिद्ध होत नाही हे तर झालंच. पण विनोबांच्या स्थिरतेला काय काय आधार होते तेही पाहा: ठरलेला दिनक्रम, मोजका आहार, हजारो मैलांची पदयात्रा, भोवती आश्रमाचं गोत. सानेगुरुजींच्या वाट्याला आलेल्या शेवटच्या वर्षांत फाळणी होती, गांधीजींची हत्या होती आणि त्यानंतरचं 21 दिवसांचं उपोषण होतं. ज्याला दुसऱ्याचं दुःख स्वतःच्या अंगात उमटतं अशा माणसावर काळानं किती घाव घातले आणि ताव कुणी दिला, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्यांच्या स्वभावाला दोष देणं मला अन्याय वाटतो. आणि त्या हळव्या माणसाची लेखणी नसती तर शांत माणसाचे शब्द तुरुंगाच्या भिंतींनाच ऐकू आले असते.

मन आवरावं की मोकळं करावं, या पेचावर सर्वांत नेमकं उत्तर मला चरकसंहितेत सापडलं. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात वेगांचा विचार आहे. शरीराचे काही वेग कधीही अडवू नयेत असं तिथे सांगितलंय: मलमूत्र, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, झोप, श्रमानंतरचा श्वास वगैरे. याच यादीत अश्रू आहेत. रडू अडवल्यानं काय होतं ते सांगताना सर्दी, डोळ्यांचे विकार, अरुची आणि भोवळ यांच्यासोबत हृद्रोगाचं नाव घेतलंय. लगेच पुढे मनाचे अडवण्याजोगे वेग येतात, आणि त्यांत लोभ, भय, क्रोध, ईर्ष्या यांच्याबरोबर शोकही आहे. वरवर पाहता हा घोळ वाटेल. शोक अडवा आणि अश्रू अडवू नका, हे कसं? पण थोडं थांबून विचार केला की त्यातला बारकावा दिसतो. दुःख आलं की ते डोळ्यांवाटे वाहू द्यायचं. पण त्या दुःखाला घरात पाट मांडून रोज जेवू घालायचं नाही. आज ज्याला आपण मनात घोळवत राहणं म्हणतो, ज्यानं बीपी उतरायचं तेव्हा उतरत नाही असं प्रयोगात दिसतं, तो शोकाचा वेग. अश्रू वेगळे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला हा फरक कळला होता याचा मला मनापासून आदर वाटतो. संतापाचंही असंच. लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांना छातीच्या कळांचा त्रास होता आणि आपल्याला चिडवणाऱ्या कुणाही हलकटाच्या हाती आपला जीव आहे असं ते म्हणत. 16 ऑक्टोबर 1793 रोजी रुग्णालयाच्या बैठकीत वादावादी झाली, ते खोलीबाहेर पडले आणि कोसळले. संतापानंतरच्या दोन तासांत हार्ट अटॅकचा धोका सुमारे दुप्पट होतो, असं 1995 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं.

आता आपल्या गावांकडे पाहू. खान्देशात मयत झालं की दारावर जायची रीत आहे. आलेल्या बायका उंबऱ्यातच एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि मोठ्यानं रडतात. ते नुसतं रडणं नसतं. गेलेल्या माणसाला नावानं हाक मारून, त्यानं काय केलं, काय खायचं राहिलं, कुणाचं लग्न बघायचं राहिलं, असं सगळं त्या सुरात सांगितलं जातं. दोन मिनिटांत सूर ओसरतो, पदरानं डोळे पुसले जातात, चहा घेतला का म्हणून विचारणा होते. पुढची बैलगाडी, आता रिक्षा, दारात थांबली की पुन्हा तेच. शहरात शिकून आलेल्या पोरांना यात देखावा वाटतो. मला वाटत नाही. एकाच दुःखाला दिवसातून दहा वेळा, प्रत्येक वेळी निराळ्या खांद्यावर, वाट करून देणारी ही पद्धत आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात आणि त्या झोक्यावरच्या गाण्यांत सासू, नणंद, नवरा सगळ्यांचा हिशेब चुकता होतो. असोद्याच्या बहिणाबाईंना ऐन उमेदीत वैधव्य आलं. शेतात आणि जात्यावर काम करताना त्या आपलं मन गाण्यात बांधत गेल्या, आणि 71 वर्षं जगल्या. गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण जात्याबरोबर पहाटेची ती बोलायची जागाही गेली, तिच्या बदल्यात काही आलं नाही.

आणि पुरुष? दारावर आलेले पुरुष बाहेर सतरंजीवर बसतात. टोपी काढून मांडीवर ठेवतात, हात जोडतात, 'वाईट झालं' म्हणतात, मग पावसावर बोलतात. रडणारा पुरुष दिसला तर चार जण त्याला धरतात आणि 'असं करू नको, तूच खचलास तर घराकडे कोण बघेल' म्हणून गप्प करतात. चरकानं ज्याची मनाई केली ते आपण मायेनं करतो. पुरुषाला छातीवर दगड ठेवायला शिकवतो आणि पंचेचाळिशीत ती छाती दुखायला लागली की तो तेही बोलत नाही. 'काही नही, जराशी छातीमा दुखस,' एवढंच म्हणून तंबाखूची चिमूट ओठाखाली धरतो. पित्त असेल, गॅस असेल, म्हणून रात्र काढतो. हायवेनं तासाभरात धुळ्याला पोचता आलं असतं, ती रात्र तो सोडा पिऊन घालवतो. किती तरी घरांनी आपला कर्ता माणूस अशा एका रात्रीत गमावलाय.

सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली झालेली, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी मला इथे महत्त्वाची वाटते. भारतासह 52 देशांत, पहिला अटॅक आलेल्या आणि न आलेल्या सुमारे 30 हजार माणसांना विचारलं गेलं. तंबाखू, रक्तातली चरबी, बीपी, मधुमेह यांच्या पंक्तीला मनावरचा भारही बसला. घरी, कामावर सतत ताण असल्याचं सांगणाऱ्यांत धोका दुपटीच्या आसपास निघाला. पैशाची चणचण, घरातली मोठी आपत्ती, उदासी, आणि आपल्या आयुष्यावर आपला ताबा नाही ही भावना, हे सगळं त्यात मोजलं होतं. अटॅक येऊन गेलेला माणूस मागे वळून कारणं शोधतो, तेव्हा या उत्तरांत थोडी भर पडली असेल, हे मान्य. पण दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर येतो, हेही याच पाहणीतून कळलं, आणि ते आपल्या गल्लीत कुणालाही विचारून खरं करता येईल.

ताबा नसणं, हे मला या सगळ्याचं मूळ वाटतं. मायकल मार्मट यांनी लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या हजारो नोकरांचा पाठपुरावा केला. हृदयविकार हा साहेब लोकांचा रोग, अशी तोवर समजूत होती. निघालं भलतंच: सर्वांत खालच्या पायरीवरच्या शिपायांचा मृत्युदर सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होता, आणि सिगारेट, बीपी वगैरेंचा हिशेब वजा केला तरी ती दरी बुजत नव्हती. साहेबाला काम जास्त असेल, पण केव्हा काय करायचं हे तो ठरवतो. आखाजी ते आखाजी बांधलेला सालदार ते ठरवत नाही. कोरडवाहू कापूसवाला पाऊसही ठरवत नाही आणि भावही. गिरणी बंद पडल्यावर सुरतेच्या लूमवर गेलेला धुळ्याचा माणूस आपली झोपेची वेळही ठरवत नाही. अशा माणसाला डॉक्टर सांगतात, 'टेन्शन घेऊ नका.' तो मान हलवतो. टेन्शन त्यानं घेतलेलं नसतं, त्याला दिलेलं असतं. मला वाटतं, केसपेपरवर बीपी-साखरेच्या खाली दोन ओळी आणखी हव्यात: कर्ज किती आणि कुणाचं; आणि मनातलं बोलायला माणूस कोण. या दोन प्रश्नांना वेळ लागत नाही, आणि विचारणाऱ्यानं नुसते विचारले तरी समोरच्याचे खांदे थोडे खाली येतात, हे मी पाहिलंय.

दुःखानं काळीज खरंच आकार बदलतं, हे 1990 मध्ये जपानी डॉक्टरांनी नोंदवलं. एकाएकी जवळचं माणूस गेल्याची बातमी आली, छातीत कळ आली, अटॅकची सगळी चिन्हं दिसली. पण धमन्या मोकळ्या होत्या. हृदयाचा डावा कप्पा मात्र खाली फुगलेला आणि वर गळ्याशी चिंचोळा झालेला. जपानी कोळी ऑक्टोपस धरायला जे मडकं वापरतात त्याचं, 'ताकोत्सुबो'चं, नाव या आजाराला पडलं. पाळी गेलेल्या बायकांत तो जास्त आढळतो आणि बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. अॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा लोंढा हृदयाच्या स्नायूला काही काळ सुन्न करतो. आपले जुने लोक ज्याला 'हाय खाल्ली' म्हणत त्यातला काही भाग हाच असणार.

ताव कुठून मिळतो, याचं एक जुनं उदाहरण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं रोझेटो गाव. इटलीतल्या एकाच खेड्यातून आलेली माणसं तिथे राहत. चरबीत तळलेलं खात, सिगार ओढत, खाणीत राबत. तरी विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या पंचावन्नच्या आतल्या पुरुषांत हृदयविकारानं मरण जवळजवळ नव्हतं. शेजारच्या गावांत ते होतं. स्टुअर्ट वुल्फ यांनी वर्षानुवर्षं शोध घेतला आणि त्यांना उत्तर दिसलं ते तीन पिढ्यांच्या एकत्र घरांत आणि श्रीमंती न मिरवण्याच्या गावरीतीत. पुढच्या काही दशकांत मुलं बाहेर गेली, मोठ्या कुंपणांची घरं आली, आणि रोझेटोचं हृदय शेजाऱ्यांसारखं झालं. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. सुरत, पुणे, नाशिकला पांगलेली भाऊबंदकी रोट खायला परत येते. वर्षभर बांधावरून भांडलेले सख्खे चुलत एका पंगतीला बसतात. मी हे कधी नुसतं धर्मकृत्य म्हणून पाहू शकलो नाही. भाऊबंदकीतल्या भांडणाइतका दीर्घकाळ पुरणारा ताण खेड्यात दुसरा नाही, आणि वर्षातून एकदा तो उतरवायची सोय कानबाईनं करून ठेवली आहे.

या सोयींना एक मर्यादा आहे आणि तिच्याकडे आपलं लक्ष नाही. इंग्लंडमध्ये 1969 साली कॉलिन पार्क्स आणि सहकाऱ्यांनी 55 वर्षांपुढच्या 4486 विधुरांची नोंद तपासली. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांचं मरण अपेक्षेपेक्षा 40 टक्के जास्त होतं, आणि त्यात मोठा वाटा हृदयविकाराचा होता. पुढे धोका ओसरत गेला. आपल्याकडे द्वारदर्शन आणि गंधमुक्ती आटोपली की पंधरवड्याच्या आत घर रिकामं होतं. सोयरे आपापल्या गावी, मुलगा ड्यूटीवर. ज्या काळात माणूस सर्वांत नाजूक असतो तो काळ आपल्या रीतीभातींनी मोकळा सोडलाय. अशा मरणाचं कारण नेहमी गूढ नसतं. बीपीची गोळी कुठल्या डब्यात आहे हे गेलेल्या बायकोलाच माहीत होतं. भाकरी मऊ करून दुधात कुस्करून तीच द्यायची. रात्री दोनदा उठून 'जागेच का' म्हणून तीच विचारायची.

ओळखीतल्या एका माणसाची बायको गेली तेव्हा गल्लीतल्या दोन समवयस्कांनी ठरवून घेतलं. ते रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जातात. सुरुवातीला तो बोलत नसे, तेव्हा हे दोघं कापसाच्या भावावर बोलत. त्या दोघांनाही बीपी आहे. डॉक्टरांना विचारून तिघांनी आपल्या गोळ्या रात्री आठच्या लावून घेतल्या आहेत, आणि तिघांचीही पाकिटं एकाच डब्यात, त्याच्या घरी ठेवली आहेत.